एका नमः शिवायात उतरणारा पिस्टन

अप्पा, उदगीर अजून तालुकाच आहे. तुम्ही गेले तेव्हा होता तसाच. मागच्या महिन्यात गेले होते, तर स्टँडसमोर पुन्हा बॅनर लागलेत, जिल्हा झालाच पाहिजे म्हणून. बॅनरवरची माणसं तीच आहेत, फक्त जाड झालीत. आपल्या दुकानाच्या जागेवर कॉम्प्लेक्स बांधायला काढलं होतं ना, त्याचे नुसते कॉलम उभे आहेत. वरच्या सळया गंजल्यात आणि खाली बाभळी उगवल्यात. लोखंड कातायचं तुमचं लेथ मशीन होतं त्या कोपऱ्यात कुणीतरी म्हैस बांधतं. मी जरा वेळ उभी राहिले, ऑइलचा वास येतो का बघत. नाही आला. म्हशीचा आला.

मी नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये शिकवते आता. तुम्हाला हे आवडलं असतं, चारचौघांत सांगितलं असतं. दर वर्षी एक धडा येतो, दोन भागांमध्ये किती जागा सोडायची त्याचा. मी फळ्यावर एका गोलात दुसरा गोल काढते, मधल्या जागेत खडूचं टोक ठेवते, आणि खोकल्याचं निमित्त करून खिडकीकडे वळते. पोरांना वाटतं मॅडमला खडूची ॲलर्जी आहे. आज परत तेच झालं, म्हणून घरी येऊन हे लिहायला बसले.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते साल. आमच्या हॉस्टेलमध्ये पाणी संपलं म्हणून सुट्टी लवकर लागली आणि मी इंजिनियरिंगच्या फर्स्ट इयरची परीक्षा देऊन घरी आले. घरी काय, ड्रम, घागरी, कळशा, आणि टँकर कधी येणार याचीच बोलणी. दुकानात त्याहून वाईट. ट्रॅक्टर शेतात गेलाच नाही तर घासणार काय, आणि घासला नाही तर तुमच्याकडे दुरुस्तीला येणार कशाला? तुम्ही मात्र रोज तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकायचे, कपाळाला विभूती लावायचे, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन बसायचे आणि मग जाऊन शटर वर करायचे. लेथला तेल घालायचे, फडक्यानं पुसायचे, संध्याकाळी शटर खाली. काका दोन दिवसांनी एकदा येऊन बसायचे. जागा दोघांच्या नावावर होती. "दादा, जिल्हा होऊन राहिला. कलेक्टर ऑफिस इकडंच येतंय म्हणतेत. आत्ता देऊन टाकू जागा, मग कोण विचारतंय?" तुम्ही म्हणायचे, बघू.

आणि अशात डाळमिलवाले शेठ ती गाडी घेऊन आले. घेऊन म्हणजे ट्रकवर टाकून. लाल रंग उडून विटकरी झालेली, जमिनीला चिकटल्यासारखी बसकी, इटलीची स्पोर्ट्स कार. माझ्या मोबाइलच्या वॉलपेपरवर जी गाडी होती, तीच, पण म्हातारी. मी तर ओरडलेच. हैदराबादला कुण्या नवाबाच्या बंगल्यात ती कित्येक वर्षं उभी होती म्हणे. शेठ म्हणाले, "उस्ताद, जिल्हा झाला की पहिल्या झेंडावंदनाला मला ह्याच्यात बसून जायचंय. उठंल का ही?" तुम्ही पुढचं बॉनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि गंभीर तोंड करून म्हणाले, "शेठ, फशिवलं तुम्हाला. इंजिनच न्हाई हिला." मी पोट धरून हसले. अप्पा, मागे असतं इंजिन! तुम्ही मागे गेले, बघितलं, म्हणाले, "म्हंजे मागून ढकलती व्हय? म्हणूनच बसली."

आठ सिलिंडर. आत सगळं गेलेलं. शेठ म्हणाले, कंपनीचे पार्ट मागवायचे तर डाळमिल विकावी लागंल. तेव्हा तुम्ही जे बोलले ते मी अजून वर्गात सांगते, तुमचं नाव न घेता. "लोखंडाला कुठं जात असती शेठ? हिचं न्हाई मिळालं तर दुसऱ्या कुणाचं बसवू." त्याच दिवशी तुम्ही काकांना सांगितलं, "हे इंजिन बोललं तर दुकान ऱ्हाईल. न्हाई बोललं तर तू म्हणशील तिथं सही करतो." काका माझ्याकडे बघून म्हणाले, "आन् ही काय करणार? कॉलेजची पोरगी, हात काळे करणार व्हय?" तुम्ही म्हणाले, "ती वाचणार. म्या करणार."

तो दीड महिना, अप्पा. माझ्या आयुष्यात तेवढा आनंद परत झालेला नाही, हे मी खोटं नाही सांगत. तुम्ही ट्रॅक्टरच्या जुन्या लायनरचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, लेथवर चढवायचे आणि त्यातून त्या इटालियन बाईसाठी नवे लायनर, पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळ्या, कातायचे, आठच्या आठ. पिस्टन एका टॅक्सीच्या इंजिनचे, वरून थोडे उतरवून. बेअरिंग जुन्या जीपचे. हेडचं गॅस्केट तांब्याच्या पत्र्यातून हातानं कापलेलं, कात्री चालवताना तुम्ही जीभ दाताखाली धरायचे. पाण्याच्या पंपाला बोअरच्या मोटारीचा सील बसवला, कारण त्या साली सगळ्या गावात एकच पार्ट भरपूर मिळत होता आणि तो तोच. मी नेटवरून वर्कशॉप मॅन्युअल उतरवून घेतलं, झेरॉक्सवाल्याकडून अख्खं छापून आणलं. त्याला हात लावायच्या आधी तुम्ही साबणानं हात धुवायचे. पाणी नाही तर रॉकेलनं. इंग्रजीतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं तुम्हाला, पण पोथीसारखं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ते वरच्या फळीवर ठेवायचे. "अक्का, आज काय म्हणतंय पुस्तक?" असं मला विचारायचे रोज, लेकीला अक्काच म्हणायचे तुम्ही. मी वाचायचे, मराठीत सांगायचे. दुकानात बसलेली चार माणसं ऐकायची. तुमची मान ताठ व्हायची. मला ते दिसायचं. आणि खरं सांगू, मला त्याची चटक लागली होती.

मग लायनरमध्ये पिस्टन बसवायचा दिवस आला. तुमची रीत अशी, की लायनर उभा ठेवायचा, पिस्टनला तेलाचं बोट लावायचं, तो आधी डाव्या तळहातावर घेऊन जरा वेळ बघायचं, अगदी सकाळच्या पूजेसारखं, आणि मग वरून सोडून द्यायचा. सोडताना "ओम नमः शिवाय" म्हणायचं, सावकाश, एकदाच. तेवढ्यात पिस्टन आपल्या वजनानं तळाला गेला पाहिजे. आधी गेला तर ढिला. मंत्र म्हणून झाला तरी मध्येच राहिला तर घट्ट. तीस वर्षांत सगळ्या तालुक्याचे ट्रॅक्टर तुम्ही याच मापानं बसवले होते. मी पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे घासून घेतलेला पहिला लायनर तुम्ही ठेवला, पिस्टन सोडला, नमः शिवाय म्हणून झालं, पिस्टन अर्ध्यातच. तुम्ही परत म्हणाले. दुसऱ्या वेळी तळाला गेला.

"दोन घेऊन राहिला, अक्का. आणखी केसभर उतरवू."

"नाही अप्पा, पुस्तकात एवढाच आकडा आहे."

"आगं पर हे बीड हाय. पिस्टन गरमीनं फुगतो, बीड तेवढं फुगत न्हाई. फुगल्यावर जाईल कुठं त्यो?"

शेठ तिथंच बसले होते, त्यांचा पुण्याहून आलेला भाचाही होता, माझ्याच वयाचा. तो हसला. तुम्हाला म्हणाला, "काका, मंत्र म्हणून टॉलरन्स काढतात का?" मला एवढी लाज वाटली अप्पा. त्याच्याऐवजी तुमची. मी जोरात म्हणाले, "अप्पा, असं नसतं चालत इंजिनियरिंग. जगभर हेच पुस्तक वापरतात." तुम्ही हात पुसले, पुस्तक जवळ ओढलं, त्या आकड्याच्या पानावर बघत राहिले. मग तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात दोन ओळी होत्या, त्यांच्यावर बोट ठेवून विचारलं, "हे बारीक काय लिहिलंय?" मी म्हणाले, कंपनीचा पत्ता आहे. तुम्ही मान हलवली. "बरं. पुस्तक म्हणतं तसं." आणि आठही लायनर तुम्ही पुस्तक म्हणालं तसे केले. एरवी काम झालं की तुम्ही "आयितु" म्हणायचे, झालं म्हणून, अवजार खाली ठेवत. त्या दिवशी नाही म्हणाले.

इंजिन चालू करायच्या सकाळी पाण्याचा प्रश्न आला. बोअरचं पाणी खारं, ॲल्युमिनियमला खाईल म्हणून तुम्हाला ते रेडिएटरमध्ये घालायचं नव्हतं. टँकर यायला अजून चार-पाच दिवस होते. अव्वानं, माझी आई ना ती, प्यायच्या पाण्यातली एक घागर उचलली आणि स्वतः दुकानात आणून दिली. गल्लीतल्या बायका बघत होत्या. एक जण म्हणालीच, "बाई गं, गाडीला पाजून राहिलेत!" अव्वा म्हणाली, "पाव्हणी हाय. इटलीहून आलीय."

आणि ती बोलली, अप्पा. पहिल्या नाही, तिसऱ्या झटक्याला. असा आवाज उदगीरनं कधी ऐकला नसेल, किल्ल्यापर्यंत गेला असेल तो. पोरंटोरं कान धरून नाचायला लागली, शेठनी टोपी काढून वर फेकली, काका पाठीमागे उभे होते ते पण हसले. तुम्ही इंजिनवर तळहात ठेवून उभे होते. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. म्हणून मला कळलं तेव्हाच, सगळ्यांच्या आधी. तुमच्या तोंडावरचं हसू हळूहळू थांबलं. इंजिन गरम होऊन राहिलं होतं आणि तुमच्या हाताला काहीतरी समजत होतं. "बंद कर," तुम्ही म्हणाले. मी चावीपर्यंत पोचायच्या आत आवाज जड झाला, आतून कर्र झालं, आणि थांबलं. असं थांबलं, जसं कुणी मानगूट धरली. खालच्या पायपातून पाणी गळायला लागलं. तुम्ही पहिलं काम काय केलं, तर बादली आणून त्या पाण्याखाली ठेवली.

उघडून बघितलं तर आठही पिस्टन लायनरला धरून बसलेले. ठोकून काढले, तर अंगावर खोल चरे. एक तुम्ही तळहातावर घेतला, मला दाखवला नाही. मी वाट बघत होते, आता म्हणतील, म्या सांगितलं नव्हतं का. तुम्ही शेठकडे वळून म्हणाले, "शेठ, माप माझं चुकलं. हाताला आता अंदाज राहिला न्हाई." मी म्हणाले, अप्पा, पुस्तकात... तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा चिडले. "पुस्तक कसं चुकंल? एवढं जग वापरतंय. माझंच काही तरी राहिलं असंल. तू गप ऱ्हा."

मी गप्प राहिले.

तुम्ही सही केली. लेथ मशीन भंगाराच्या काट्यावर गेलं. गाडी शेठच्या मिलमागं ताडपत्रीखाली गेली, तिथंच असेल. तुम्ही जारच्या पाण्याच्या प्लांटवर कामाला लागले, दिवसभर जार भरायचे. सुट्टीत मी डबा द्यायला आले होते तेव्हा बघितलं. जार भरला की तुम्ही वाकून गळ्यापाशी बघायचे, मग दुसऱ्या माणसाला विचारायचे, बरोबर भरला का रे? तो म्हणायचा, भरला की काका, कामून विचारता? तुम्ही, ज्यांना केसभर फरक बोटाला कळायचा. मला वाटलं होतं तुम्ही शेठसमोर माझ्यासाठी खोटं बोलले. तसं नव्हतं. तुम्हाला ते खरंच वाटत होतं. घरी पण, कुकरच्या झाकणाचं रबर बसवून दे म्हणलं तर म्हणायचे, दुकानात दाखव, आपल्याला जमायचं न्हाई.

तिसऱ्या वर्षी तुम्ही गेले. आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला खड्ड्यात बसवलं, मांडी घालून, भस्म, बेल. मठाच्या स्वामींनी डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. लोकांना वाटलं मी रडायला वाकले. मी तळहात बघत होते. ऑइलचं काळं कधीच निघून गेलं होतं, हात बाईच्या हातासारखा पांढरा, पाण्यानं सुरकुतलेला. माती टाकायला सुरुवात झाली तेव्हा मला सांगायचं होतं. कानात सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण शेजारी काका होते, आणि मी शिकलेली पोरगी होते ना.

ते झेरॉक्सचं पुस्तक माझ्याकडे आहे, तुमच्याच प्लॅस्टिकमध्ये. त्या पानावर बारीक अक्षरांच्या खाली तुमच्या बोटाचा डाग आहे. एकच आहे, तेव्हाचाच असेल. नंतर तुम्ही ते कुणाकडून वाचून घेतलं का, हे मला कधी कळणार नाही. आज ते पान परत उघडलं. लिहिलंय, हा आकडा फक्त मूळ लायनरसाठी आहे, बीडाचे लायनर बसवल्यास जागा जास्त सोडावी. हा कागद मी तिथंच घालून ठेवते, अजून कुठं पाठवणार?

मी तेव्हाच वाचलं होतं, अप्पा. दोन्ही ओळी. समजल्या होत्या. तो कंपनीचा पत्ता नव्हता.