बोलचाल बंद

॥ श्री सेवालाल महाराज प्रसन्न ॥

दिंडोरी, जि. नाशिक
१२ जानेवारी २०२५

ती. याडीस,
बबिताचा शि. सा. न. वि. वि.

काल बापूंशी फोनवर बोलत होते तेव्हा मागे तुझ्या बांगड्या वाजत होत्या. याडी शेजारी आहे का विचारलं, तर बापू म्हणाले, आहे, पण ती ऐकत नाही. मग मी मुद्दाम सांगितलं की दोन दिवस मला ताप होता. लगेच काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. ताप नव्हता बरं का! आताच कबूल करते, नाहीतर काढ्याचं पार्सल येईल.

माझी कंपनी द्राक्षाचा रस विकते असं मी सांगत आले ते अर्धंच खरं होतं, हे मी दिवाळीत कबूल केलं. त्या रसाची ब्रँडी होते आणि ती काढायचं काम माझं आहे. तेव्हापासून तुझं तोंड बंद. माझी आईही तू, दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्षही तू, नियमही तुझा, मी कोणाकडे तक्रार करू? शेवटी मंडळातल्या पुष्पाकाकीनेच बापूंकरवी निरोप दिला की पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. चार वर्षं इथे राहते, पण पोस्टाची पेटी कुठे आहे हे मला काल पहिल्यांदा कळलं.

बातमी अशी की आमच्या सुरभी मॅडम मार्चअखेर गोव्याला स्वतःची भट्टी टाकायला जाणार. त्या इथल्या मास्टर डिस्टिलर, म्हणजे भट्टीतून पडणारी कोणती धार ठेवायची आणि कोणती सोडायची यात शेवटचा शब्द त्यांचा. अमेरिकेत केंटकी नावाचा मुलूख आहे, तिथे मक्यापासून बर्बन नावाची दारू काढतात, ती विद्या त्या शिकून आल्या. तिथे आता बायकाही मुख्य झाल्या आहेत म्हणे. त्याच बर्बनची रिकामी लाकडी पिंपं जहाजाने आमच्याकडे येतात आणि आमची ब्रँडी त्यात वर्षानुवर्षं मुरते. मॅडमची जागा मला मिळेल, नाहीतर इंद्रजीतला. दोघांनी एकाच द्राक्षाची एकेक घाणी, म्हणजे भट्टीची एक खेप, काढायची आणि सहा जणांनी नाव न कळता चव घेऊन निवडायची. मी स्वतः पीत नाही, हे तुला माहीत आहे. हुंगायचं, जिभेवर फिरवायचं आणि थुंकायचं.

याडी, मला ती जागा हवी आहे. आणि तुझा आवाजही हवा आहे. एकावर समाधान मानायचा माझा स्वभाव नाही, तो तुझ्यावरूनच आलाय.

गुडघा दुखत असेल तर बापूंनी नांगराकडे बघू नये. त्यांना नमस्कार.

तुझ्या रागालाही गोड मानून घेणारी,
बबिता

॥ श्री सेवालाल महाराज प्रसन्न ॥

धावजीनगर तांडा, ता. घाटंजी
२४ जानेवारी २०२५

चि. बबिता हिले याडीचे पोटभर आशीर्वाद.

ताप नव्हता तं खोटं कायले बोलली? माह्या हातातलं वरनाचं गंज खाली पडलं, अर्धं वरन चुलीत गेलं, अन् तुहा बाप हासून हासून लोळून राह्यला. बह्याड पोट्टी!

पुष्पाचं म्हननं बरोबर हाय. मंडळाच्या वहीत लिवलं हाय का जे कोनी दारू काढन, अन् जे काढाले मदत करन, त्याच्याशी तांड्यातल्या बाईनं वर्षभर बोलाचं नाही. जेवन बंद नाही, पानी बंद नाही, फक्त बोलचाल बंद. चिठ्ठीचं काही लिवलं नाही, म्हून लिवून राह्यली. रूपसिंगच्या कोठ्यात भट्टी सापडली तवा त्याच्या बायकोशी, माह्या सख्ख्या जावेशी, मी वर्षभर बोलली नाही. एका चुलीवर सैपाक केला पन बोलली नाही. आता माह्या पोरीवर आलं तं नियम वाकवू काय वं? तूच सांग.

तुह्या कंपनीले सरकारचं लायसन हाय म्हनते. असन. आमच्या वहीत लायसनचा रकाना नाही.

कापसाचा तिसरा वेचा निंगाला. तूर बरी हाय. म्हैस आटली होती, आता रेडकू झालं, कपाळावर पांढरा चांद हाय. अन् हा इंद्रजीत कोन व्हय? त्याचं लगन झालं का? हे बापानं विचारलं हाय, मी नाही.

थंडी हाय, कानाले बांधत जा. चिठ्ठी टाकाले आळस करू नको.

वहीनं बांधलेली, पन तुहीच,
याडी

॥ श्री ॥

दिंडोरी
१९ फेब्रुवारी २०२५

ती. याडीस सा. न. वि. वि.

बापूंना सांग, इंद्रजीतचं लग्न झालंय आणि त्याची बायको फार छान लोणचं घालते. आता त्यांनी निश्चिंत व्हावं.

आज मात्र हसू येत नाही. माझी घाणी बिघडली. म्हणजे घाणीआधीची चाचणी. द्राक्षं गोड होती, आंबवण नीट झालं, विस्तव मी मुंगीच्या पावलाने वाढवला. तरी धारेला कोबी शिजून शिळी झाल्यासारखा वास येतो. भुरीचा रोग पडू नये म्हणून बागायतदार वेलींवर गंधक मारतात, त्याचाच तो वास असणार. पण तांब्याच्या भांड्यात तो निघून जायला हवा. इंद्रजीतचं भांडं वेगळं आहे, त्याची धार स्वच्छ येते. प्रयोगशाळेचे आकडे म्हणतात की सगळं ठीक आहे. माझं नाक म्हणतं, नाही. आणि आता एकाच घाणीपुरता माल उरलाय.

मॅडमना विचारता येत नाही, तसा परीक्षेचा नियमच आहे. माझ्या नशिबात सगळीकडे नियमच! तू यात काही सांगावंस असं मी म्हणत नाही. लहानपणी तू मला मोहाची फुलं हुंगायला लावून, डोळे मिटून, कालचं कोणतं आणि परवाचं कोणतं ते ओळखायला सांगायचीस, एवढीच आठवण आली. माझं नाक तिथूनच आलंय. इथले लोक ते कॉलेजातून आलंय असं समजतात.

मन फार कातर झालंय. होळीला एका दिवसासाठी येते.

तुझ्या दोन ओळींसाठी रोज पेटीत डोकावणारी,
बबिता

॥ श्री सेवालाल महाराज प्रसन्न ॥

धावजीनगर तांडा
२ मार्च २०२५

चि. बबिता हिले आशीर्वाद.

दारूचं मले विचारू नको. काहून नाही, ते आज सांगतो. तुले आतापर्यंत कोनी सांगतलं नाही, मीच सांगू देलं नाही.

तुह्या जन्माच्या आधी मी मोहाची भट्टी लावत होती. घाटंजीच्या बाजारापर्यंत माहं नाव होतं. लोक म्हनत, लालीच्या हातची पेली तं सकाळी डोकं दुखत नाही. मले त्याचा मोठा गर्व होता बाप्पा. माहा भाऊ किसनसिंग माहीच प्याचा. दुसऱ्याची त्याले चालत नव्हती. बत्तीसाव्या वर्षी गेला. खराब असती तं त्यानं सोडली असती. चांगली होती म्हून तो पेत गेला. तो गेला त्याच हप्त्यात मी भट्टी फोडली, अन् नंतर तांड्यातल्या बायका जमवून मंडळ काढलं. आता समजलं का, तू दिवाळीत सांगतलं तवा माहं तोंड काहून बंद झालं? राग कमीच होता. भेव जास्त होतं.

तुह्या चिठ्ठीनं मले दोन दिवस जेवन गेलं नाही. पोट्टी रडून राह्यली, अन् आपन हाताची घडी घालून बसाचं, हे कठीन हाय.

होळीले ये. पोळ्या करतो. बोलनार नाही, सांगून ठेवतो.

माया आटत नाही हे ध्यानात ठेवजो,
याडी

ता. क. हे खालचं दारूबद्दल नाही. तांब्याच्या भांड्याबद्दल हाय, कोनाच्याही घरी कामी पडते. तांबं वास खाते, पन काळं पडलं का खात नाही. तुमच्याकडे भांडं सोड्यानं धूत असतीन. सोड्यानं चिकट निंगते, काळं निंगत नाही. चिंच भिजवाची, खडं मीठ घ्याचं, अन् आतून घासाचं. भांड्याचं बूड सगळेच घासतात. वरचा गळा, जिथून वाफ जाते, तो घासाले कोनाचा हात पोचत नाही, म्हून तोच काळा राह्यते. तुहा हात बारीक हाय.

ता. क. दुसरा. हे अत्तराबद्दल समज. वास वाटीत पाहू नाही. तळहातावर चोळाचा, सुकू द्याचा, मंग पाहाचा. खोटं उडून जाते, खरं हातावर राह्यते. त्या दिवशी सकाळी चहा पेऊ नको.

॥ श्री ॥

दिंडोरी
२७ मार्च २०२५

ती. याडीस शि. सा. न. वि. वि.

जिंकले! सहापैकी पाच जणांनी माझी निवडली. आता नीट सांगते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बाजारातून अकरा किलो चिंच आणली. दुकानदाराने विचारलं की कोणाच्या लग्नाचं सार आहे. भांड्याच्या झाकणातून मी आत उतरले, मग वरच्या गळ्यात खांद्यापर्यंत हात घालून दीड दिवस घासत बसले. इंद्रजीत बाहेरून हसत होता, पण बादल्या तोच भरून देत होता, भला माणूस आहे. बोटाला लागलेला काळा थर पाहून मला हसू आणि रडू एकदमच आलं. दुसऱ्या दिवशी चहा न घेता घाणी लावली. धार तळहातावर चोळली, सुकू दिली, हुंगली. कोबीचा मागमूस नाही! उरला होता तो मनुक्यांचा वास, आणि त्यामागे काहीतरी ओल्या फुलांसारखं.

निवड होऊन नावं उघडल्यावर सुरभी मॅडमनी माझी ब्रँडी हातावर चोळली, व्हरांड्यात एक चक्कर मारून आल्या आणि विचारलं की इतकी स्वच्छ धार काढायला तुला कोणी शिकवलं. मी म्हटलं, घरी. त्यांनी मला मिठीच मारली.

होळीला मी हे सगळं पोटात ठेवून आले होते आणि तुझ्या पोळ्यांनी ते पार गळ्यापर्यंत आणलं. तू म्हशीला म्हणालीस की काही लोक फार रोड झालेत, त्यांनी दूध पिऊन जावं. मीही म्हशीलाच सांगितलं की दूध प्याले आणि साय जास्त होती. म्हशीने आपल्या दोघींकडे जसं पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही.

किसनमामाचं वाचून मात्र मी दोन रात्री जागून काढल्या. तुझ्या समाधानासाठी मी काही लिहू शकते, पण खोटं लिहिणार नाही. मी चांगली ब्रँडी काढते. ती कोण किती पिईल हे माझ्या हातात नाही. त्याची भीती आता मलाही वाटते, आणि ती वाटत राहावी असं मला वाटतं.

कंपनीचा कागद आलाय. महिनाभराची मुदत आहे. सही केली तर बाटलीवर माझं नाव छापलं जाईल, बबिता खेमसिंग राठोड, आणि तांड्याबाहेरही सगळ्यांना कळेल. मी अजून सही केलेली नाही. तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय करणारही नाही. याडी, पत्रात उत्तर नको. हो म्हण, नाही म्हण, शिव्या दे, पण बोल. पाच महिन्यांत तू माझ्या नावाने हाकसुद्धा मारली नाहीस.

कागद उशाखाली ठेवून झोपणारी,
तुझी बबिता

॥ श्री सेवालाल महाराज प्रसन्न ॥

धावजीनगर तांडा
९ एप्रिल २०२५

चि. बबिता हिले याडीचे लय लय आशीर्वाद.

पाच जनानं निवडली हे वाचून मी उठून उभी झाली, अन् मंग ध्यानात आलं का मी दारूबंदीची अध्यक्ष हाव, तं परत बसली. तुहा बाप दारात उभा राहून पाहून राह्यला होता. त्यानं सगळ्या तांड्याले सांगतलं.

आता माही बातमी ऐक. शनवारच्या सभेत मी उभी झाली, वही उघडली अन् वाचून दाखवलं का काढाले मदत करन तिच्याशीबी बोलचाल बंद. मंग सांगतलं, मी पोरीले चिंच-मीठ लिवलं, तळहाताचं लिवलं, तिची दारू पह्यल्या नंबरात आली, म्हून आजपासून वर्षभर माह्याशी कोनी बोलू नये. पुष्पा म्हने का तांब्याचं भांडं घासनं म्हनजे मदत नाही होत. मी म्हनलं का ता. क. लिवून मी स्वतःले फसवलं, मंडळाले फसवनार नाही. रुखमाबाई रडाले लागली. शेवटी सह्या झाल्या. पह्यली सही माही.

चार दिवस झाले, एक बाई बोलत नाही. मोठी मजा होऊन राह्यली. रुखमाबाई येते, बाजूले बसून तूर पाखडते अन् चालली जाते. पुष्पा सभेचं सगळं पाटीवर लिवून आनते, तिचं अक्षर इतकं बेकार का मी पाटी वापस करतो. माही जाव रोज दोन डाव समोर येऊन बसते अन् गालात हासते. हासू दे, तिचा हक हाय. तुहा बाप काही मंडळात नाही, तो बोलू शकते, अन् दिवसभर बोलूनच राह्यला, माहे कान किटले.

आता मुद्द्याचं. दारूले मी हो म्हननार नाही, मरेलोक नाही. किसनले मी विसरली नाही. पन तू खोटं लिवलं नाही, अन् तुले भेव वाटते हे लिवलं, ते वाचून माह्या छातीवरचा दगड हलला. भेव असलेल्या हातात भट्टी असलेली बरी. दारूले नाही, तुले हो. सही कर. नाव पुरं छापाले सांग.

हे चिठ्ठीत लिवाचं नव्हतं, तू तोंडानं ऐकाचं म्हनलं होतं, पन हात थांबला नाही. तोंडानंबी सांगतो. वही मी पह्यल्या पानापासून वाचली. काढनाऱ्याशी बोलू नाही असं हाय, मदत करनाऱ्याशी बोलू नाही असं हाय. पन ज्या दोघींची बोलचाल बंद हाय, त्या दोघींनं आपसात बोलू नाही, असं कुठंच लिवलं नाही. सभेत उभी होन्याच्या आधीच मले हे मालूम होतं. पुष्पाले सही करता करता समजलं, तिनं तोंडावर पदर घेतला, पन सही केली.

वीस तारखेले इतवार हाय. सकाळी दहा वाजता मी फोन लावतो, बापाच्या नाही, माह्या हातानं. उचलल्यावर तू मधात काही बोलू नको, हालहवाल बी विचारू नको. मी आधी तुह्या नावानं हाका मारीन, मन भरेलोक. मंग तू बोल.

तुह्याशी बोलनारी,
याडी