उसन्या पिटुनिया

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
१२ फेब्रुवारी १९७३

ती. अहिल्याताईस,
अलकनंदाचा शि. सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं मेतकूट पोचलं. इथे थंडी अजून हटत नाही, पण माझ्या पिटुनिया पाहशील तर डोळे निवतील. नऊ कुंड्या! जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या. दसऱ्याला बी टाकलं तेव्हापासून पोरांसारखं सांभाळलंय. पंचवीस तारखेला कॉलनीत फुलांचं प्रदर्शन आहे आणि पहिला नंबर माझाच, हे आत्ताच सांगून ठेवते.

आता ऐक. ह्यांच्या साहेबांच्या मेमसाहेबांनी नर्सरीतून तयार कुंड्या आणल्या आणि पंधरा दिवसांत मारल्या. रोज बादलीभर पाणी! बाईला झाड आणि म्हैस यांतला फरक कळत नाही. तरी प्रदर्शनात नाव दिलंयच. मग साहेबांकरवी ह्यांना निरोप, की माझ्या कुंड्या एका दिवसापुरत्या द्याव्यात. आणि आमचे हे बिल्कुल, बिल्कुल करत कबूल होऊन आले! मला न विचारता! बढतीची फाइल साहेबांच्या टेबलावर आहे ना. ह्या माणसाला गुलाब आणि कोबी सारखेच, त्याला काय त्याचं. मी देणार नाही.

मुलांना आशीर्वाद. रागावून लिहिलं तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
अलका


पुणे
१६ फेब्रुवारी १९७३

चि. सौ. अलकनंदा हिस,
अहिल्येचे अ. उ. आ.

अगं, फुलं चार दिवसांची, बढती जन्माची. जयंतराव साधे आहेत. फुलातलं कळत नाही हा काही गुन्हा नव्हे. आमच्या ह्यांना बत्तीस वर्षांत कढी आणि सार ओळखता आलं नाही, म्हणून मी कधी आकांत केला का? मेमसाहेब मूर्ख असेलही, पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. धर आणि मोकळी हो.

प्रकृतीला जप आणि पत्र टाकत जा.

तुझी,
ताई


सरोजिनी नगर
२८ फेब्रुवारी १९७३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, कुंड्या दिल्या. मेमसाहेबांना पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षक म्हणून कोणी बडे अधिकारी आले होते. त्यांनी बी कसं लावलं म्हणून विचारलं, तर बाईंनी ठोकून दिलं की बोटभर खोल खड्डे करून एकेक बी पुरलं. जसे काही हरभरेच! ताई, पिटुनियाचं बी खसखशीहून बारीक. रेतीत मिसळून नुसतं वर भुरभुरायचं. वर माती लोटली की संपलं, एक कोंब यायचा नाही. आणि तो दीडशहाणा परीक्षक वाहवा करत ते डायरीत उतरवून घेत होता! भोवतीचे नंदीबैल माना डोलवत होते.

खड्ड्यांचं ऐकून दचकले ते एकटे हे. माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. घरी आल्यावर मी सोडलं नाही. तेव्हा म्हणाले, दसऱ्यापासून रोज सकाळी चहा पिताना माझं काम बघत होते. रेती कशी मिसळते, रोपं कधी हलवते, शेंडे कधी खुडते, सगळं ह्यांना पाठ. कुठल्या कुंडीत पहिलं फूल आलं तेसुद्धा सांगितलं.

अकरा वर्षं मी ह्यांना अडाणी समजून माफ करत आले गं. आता काय समजून करू?

बढतीचा हुकूम आज निघाला. हे पेढे घेऊन दारात उभे आहेत. मी पत्र लिहितेय म्हणून सांगितलंय.

तुझी माया तेवढी असू दे.

तुझी,
अलका