सहभागी क्रमांक सात आणि माझा प्रतीक्षाकाल

तीर्थस्वरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कंबरेमुळे प्रत्यक्षात चारच अंगांनी घातला आहे, उरलेली चार कागदावर मानून घे.) इकडे आम्ही खुशाल, तिकडे तूही असशील. 'इकडे' आणि 'तिकडे' यांत अकरा पायऱ्यांचं अंतर आहे आणि तुझी कढई वाजली की मला वर ऐकू येते, हे खरं. तरीही पत्र लिहितो आहे, कारण आमच्या विद्यापीठाचा नियम असा की, अभ्यास चालू असेपर्यंत संशोधकाने सहभागी व्यक्तींशी अभ्यासाविषयी तोंडी बोलू नये. लेखी बोलू नये, असं कुठेही म्हटलेलं नाही. तीनदा वाचून पाहिलं. म्हणून माझी बायको हे पत्र घेऊन खाली येते आहे.

तुला ठाऊकच आहे, संस्कृतात एम. ए. होऊन मी बावीस वर्षं इस्पितळाच्या रेकॉर्ड रूममध्ये केसपेपर लावतो आहे. व्यवस्थापकाची जागा रिकामी झाली तेव्हा ट्रस्टी म्हणाले, "जागा तुमचीच. फक्त रुग्णालय व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी तेवढी घेऊन या." जणू कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची होती. पन्नाशीत दप्तर घेतलं. वर्गातली पोरं मला काका म्हणतात. मार्गदर्शक बाईही काकाच म्हणतात, फक्त त्या नापास करू शकतात. शेवटच्या परीक्षेला प्रबंध लागतो. मी विषय घेतला ओपीडीतला प्रतीक्षाकाल, म्हणजे रुग्ण दारात आल्यापासून डॉक्टरांच्या खोलीत शिरेपर्यंत जातो तो वेळ. तो सरासरी दोन तास दहा मिनिटं निघाला. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचं अनुमान करायला शिकवतात. मी गर्दीवरून गैरसोयीचं केलं. टोकनं छापली, प्रत्येकाला वेळ नेमून दिली, आणि पहिल्या आठवड्यात आकडा अठरा मिनिटांवर आणला.

दुसऱ्या आठवड्यात तो तीन तास पाच मिनिटांवर गेला. बाईंनी विचारलं, "काका, आलेख उलटा धरलाय का?" उलटा धरून पाहिला. तसाही बरा दिसत नव्हता.

मग मी वही नि घड्याळ घेऊन औषधांच्या खिडकीमागे उभा राहिलो. (लपून नव्हे. याला 'अलिप्त निरीक्षण' म्हणतात, पुस्तकात आहे.) सिस्टरनी चार नंबर पुकारला. चार नंबरचे निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "मला कसली घाई? यांना सोडा, यांना चक्कर येते." चक्करवाल्या बाई म्हणाल्या, "आत्ताच उतरली. मास्तरीणबाईंना जाऊ द्या." मास्तरीणबाईंची गोष्ट अर्ध्यावर होती, ती टाकून कशा जाणार? असा तो मान सगळ्या बाकावर फिरून पुन्हा पोस्टमास्तरांकडे आला. आत डॉक्टर वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते. डॉक्टरांचा प्रतीक्षाकाल मोजायला माझ्या तक्त्यात रकानाच नाही.

या सौजन्याचं मूळ सहभागी क्रमांक सात. ओळख गुप्त ठेवणं मला बंधनकारक आहे, म्हणून एवढंच सांगतो की ही महिला तुझीच चौकटीची शाल पांघरते, तुझ्याच चष्म्यातून बघते आणि खालच्या मजल्यावर राहते. आपण पटकन सुटलो तर दहा वाजता घरी, आणि घरी भिंती, हे बाकाला तिनेच पटवलं. सिस्टर म्हणाल्या, "आजी, आत जा ना, डॉक्टर रिकामे आहेत." त्यावर सात नंबर म्हणाली, "असू देत गं. त्यालाही जरा विश्रांती मिळते." हे वाक्य मी प्रबंधात घेतलं आहे, तळटीप देऊन.

आता गुरुवारी बाहेरचे परीक्षक येताहेत. ते नऊ ते अकरा स्वतः घड्याळ घेऊन उभे राहणार. आकडा अर्ध्या तासाच्या वर गेला तर माझी पदवी गेली, पदवी गेली की जागा ट्रस्टींच्या पुतण्याला. त्याची योजना तयार आहे: बाक काढायचे, लोकांनी घरीच थांबायचं, नंबर आला की फोन करायचा. तुझ्या माहितीसाठी लिहिलं, दुसरा हेतू नाही.

थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद. (तुझ्या घरी दोन्ही तूच, त्यामुळे दोन्ही ठेवून घे.)

तुझा संशोधक भाचा

ता. क. हेतू आहे. गुरुवारी दोनच तास, नंबर पुकारला की ज्याने त्याने उठून आत जावं, एवढं बाकाला सांग. तुझं ऐकतात. मी सांगितलं तर नियमभंग होतो.

ता. क. २. कोणाही सहभागी व्यक्तीला आमिष दाखवलेलं नाही, अशा कागदावर मी सही केली आहे. तेव्हा आमिष म्हणून नव्हे, सहज कळवतो: प्रतीक्षाकाल डॉक्टरांच्या दारापाशी संपतो. तपासून बाहेर आल्यावर माणूस बाकावर कितीही बसला तरी शास्त्रात ती प्रतीक्षा नाही, विश्रांती आहे. माझ्या प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणात 'तपासणीनंतरचा विश्रांती-कक्ष' सुचवला आहे. बाक तेच, पंखा जास्तीचा.

ता. क. ३. काल आकडे पुन्हा मांडले. सात नंबरचा प्रतीक्षाकाल निघेचना. वही चाळली तेव्हा उमगलं की ती पंधरा दिवसांत आत गेलेलीच नाही. दर खेपेला नंबर दुसऱ्याला देऊन बारा वाजता घरी. बाहेरच्या टेबलावर सिस्टर तिचं प्रेशर लिहितात ते असं: एकशे पन्नास, एकशे अठ्ठावन्न, एकशे सहासष्ट. मावशी, गुरुवारपर्यंत थांबू नकोस. उद्याच जा, आणि नंबरांचा क्रम मोडून पहिली जा. माझा आलेख बिघडला तर बिघडू दे, पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. डॉक्टरांना मी सांगून ठेवलं आहे. तू आत गेली नाहीस तर ते यंत्र घेऊन बाहेर येतील आणि सगळ्या बाकासमोर तपासतील. येताना वजनकाटाही आणा, असं सुचवलं आहे.