उभ्या गाडीचा आकडा

बाबा, तुमचा चिमटा मीटर अजून चालतो, वायर चिमटीत धरली की अँपिअर दाखवतो. त्याच्या जबड्याला तुम्ही गुंडाळलेली लाल टेप निघाली, मी दुसरी लावली, तीही लालच. वाडीच्या दुकानात आता मी एकटाच असतो. जुना एखादा ट्रकवाला फिरून आला की विचारतो, "मिस्त्री कुठं गेले?" तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली हे सांगायचा कंटाळा येतो, म्हणून मी म्हणतो, गावाला गेलेत. अलीकडे खोटं बोलायला मी चांगलाच सरावलोय.

तो लग्नाचं शूटिंग करणारा आठवतो का? व्हॅनमध्ये दिवे चालवायला त्याला इन्व्हर्टर हवा होता आणि मी खोक्यावरचा आकडा पाहून चांगला दीड हजार वॅटचा बसवून मोकळा झालो होतो. तुम्ही डबा अर्धा सोडून उठलात. इंजिन चालू ठेवलंत, सगळे दिवे लावलेत आणि माझा हात धरून वायरवर ठेवलात. चटका बसला. "काहून गा, खोकं वाचून काम करून राहिला? गाडीले विचारलं का, तुले झेपते का म्हणून?" गिऱ्हाइकासमोर! मग खडूनं शटरवर लिहून दाखवलंत. वॅटला दहानं भागायचं, तेवढे अँपिअर बॅटरीतून ओढले जातात. दीड हजाराचे दीडशे. आणि त्या व्हॅनचा अल्टरनेटर, इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा, गाडी पळताना पासष्ट देणार, उभी असताना जेमतेम निम्मे. म्हणून मोजायचं ते उभ्या गाडीवर. तुमचा आणखी एक नियम होता, गिऱ्हाइकानं पाहिल्याशिवाय खडूचा आकडा पुसायचा नाही. काम होणार नसलं तरी माणसानं आकडा पाहूनच परत जायचं. त्या दिवशी मी तुमच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही हा मीटर माझ्या पुढ्यात ठेवलात आणि स्वतः जुन्या टेस्ट लॅम्पवर काम करत राहिलात.

आता आईचं सांगतो. तिच्या फुफ्फुसांत काही उरलेलं नाही, डॉक्टरांनी हात टेकलेत. नंदनवनच्या घरी पुढच्या खोलीत ऑक्सिजनचं मशीन सतत घरघरत असतं, नळी काढली की दहा मिनिटांत तिची नखं निळी पडतात. तिकडे तिच्या माहेरी मामा लकव्यानं खाटेवर पडलाय. दोघंही जागचे हलू शकत नाहीत आणि मध्ये तीन तासांचा रस्ता. मामा फोनवर रडतो, "बाईले कधी आणून राहिला?" आईनं उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही, पण हिवाळ्यात म्हणाली, "मले एक डाव दादाले पाहू दे. तुह्या बाबानं ट्रकात पंखे चालवले, तू व्हॅनमंधी माहं मशीन चालव."

मी लागलो कामाला. मशीन साडेतीनशे वॅटचं, म्हणजे पस्तीस अँपिअर. सुरू होताना झटका घेतं म्हणून इन्व्हर्टर हजार वॅटचा हवा, तो दुकानात होताच. आपली व्हॅन अंगणात उभी आहे, इंजिन मंद चालू आहे, मी तुमचा मीटर वायरला लावून वाकलोय. आई खिडकीशी बसलीय, नाकात नळी, आणि जत्रेला निघाल्यासारखं नवं लुगडं मांडीवर काढून ठेवलंय. मी व्हॅनच्या दारावर खडूनं आकडे मांडतो. मग अचानक माझ्या डोळ्यांसमोर येतं की रेल्वे फाटकावर गाडी थांबलीय, मशीन गप्प झालंय आणि आई माझ्याकडे पाहतेय. तिचा जीव माझ्या हातच्या वायरवर. मी जाम घाबरलो, बाबा. "काय आला रे आकडा?" तिनं विचारलं. "नाही जमत," मी म्हणालो. "फाटकावर उभं राहिलो तं मशीन बंद पडन. बाबाचा नियम हाय." लुगड्याची घडी नीट करत ती म्हणाली, "त्याईचा नियम हाय तं मंग बराबरच असन."

आता तिला दुप्पट हवा लागते. नवं मशीन सहाशे वॅटचं आहे, म्हणजे साठ अँपिअर. गेल्या रविवारी मी कुणी न सांगता पुन्हा मोजलं. गाडीचा स्वतःचा खर्च धरला तर सत्तरचा अल्टरनेटर पळतानाही पुरा पडत नाही. तो आकडा मी पुसला नाही, दारावर अजून तसाच आहे. आईला खिडकीपर्यंत आता येता येत नाही. ती लुगड्याचं नाव काढत नाही, मामाचंही नाही. यातून काही निघणार नाही हे मला कळतं.

हा कागद मीटरच्या खोक्यात घालून ठेवतो, दुसरी जागा कुठं आहे? फक्त एक राहिलं. हिवाळ्यात उभ्या गाडीवर अल्टरनेटर चाळीस देत होता. मशीन आणि गाडी मिळून सत्तेचाळीस लागत होते. वरचे सात अँपिअर बॅटरीनं दोन-अडीच तास सहज दिले असते, आणि फाटक काय, पंधरा मिनिटांचं. आईनं विचारलं तेव्हा दारावर काही नव्हतं. त्याआधीच मी तळहातानं पुसलं होतं.