चौमासातला पोकळा

माँ, ज्या चौमासात तू गेलीस, त्या चौमासात धाब्यावरच्या, घराच्या मातीच्या छतावरच्या, डब्यांत तू पोकळा कोणासाठी पेरला होतास? आपल्या जैन घरात आषाढापासून कार्तिकापर्यंत पालेभाजीला कोणी हात लावत नाही. पावसाळी पाल्यात जीव असतात, ते दुखवायचे नाहीत, हे मला तूच शिकवलंस. तरी तू संध्याकाळी शिडीवरून पडलीस, तेव्हा वरच्या डब्यांतले शेंडे खुडलेले होते, आणि तुझ्या हातांत, ओढणीत, खाली अंगणात एक पानही नव्हतं. तो पाला कुठे गेला? तू खाल्लास, की शेजारच्या शेळीला टाकलास? मला माहीत नाही, आणि सांगणारं कोणी उरलेलं नाही. हे मी शाळेच्या मराठीत लिहिते आहे. तुला ते वाचता आलं नसतं, म्हणूनच कदाचित लिहायला धीर होतो.

तू डबे कसे करायचीस ते अजून दिसतं. रॉकेलचा रिकामा डबा आडवा ठेवून वरची बाजू कापायची, तळाला खिळ्याने भोकं पाडायची, त्यावर फुटक्या कौलांचे तुकडे, मग प्रकाशा गावाकडून येणाऱ्या गाडीवानाला सांगून आणवलेला तापीचा गाळ आणि चाळलेलं शेणखत. पोकळ्याचं बी इतकं बारीक की ते राखेत कालवून भुरभुरवायचं. मी एकदा मूठभर बी एकाच कोपऱ्यात ओतलं, तर तू म्हणालीस, "हे काय, कबुतरांना दाणे टाकलेस?" रोपांनाही तू फडक्यातून गाळलेलंच पाणी घालायचीस. भुवाजी, बाबूजींच्या विधवा बहीण, घर तेव्हाही त्यांच्याच हातात होतं, खालून हसायच्या, "भाजीलासुद्धा धर्म शिकवते ही." तू गेल्यावर त्याच भुवाजींनी सगळे डबे उपडे केले. पोटातलं मूलही तुझ्याबरोबर गेलं होतं. त्या रडत रडत एवढंच म्हणाल्या, "चौमासात लीलोती पेरली, हिरवा पाला पेरला. आणखी काय होणार होतं." बाकीचे म्हणाले, घुंगट पायात आला.

यंदा पुण्याहून बी.ए. होऊन आले तेव्हा माझ्या डोक्यात मोठ्या गोष्टी होत्या. बायकांचा वर्ग काढायचा, गावातल्या प्रत्येक धाब्यावर भाजीचे डबे ठेवायचे. लढाईमुळे रॉकेल मिळेना, मग डबे कुठून मिळणार? तुझेच जुने शोधून काढले. गंजलेले होते, पण भोकं शाबूत होती. पेरलं ते ज्येष्ठात. चौमासा लागेपर्यंत एकदा खुडून होईल असा हिशेब होता. पाऊस लांबला आणि पोकळा नेमका आषाढी चौदस उलटून चौमासा लागल्यावर तरारला.

त्याच आठवड्यात सुईण भाभीला बघायला आली. दादाच्या बायकोची आधीची दोन मुलं पोटातच गेली. हे तरी वाचावं म्हणून तिने बाळ होईपर्यंत दूध-तूप सोडलं आहे. दिवस कलला होता. भाभी सुईणीसाठी पाट आणायला उठली आणि भिंतीवर हात फिरवत चालली. सुईण तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "पोटमा पोर शे, अंगमा रंगत नही. तिले दिखत नही, माय. तुन्ही माय बी अशीच भीत धरीसन चाले."

अंगात रक्त नाही, दिसत नाही; म्हणजे तूही अशीच भिंत धरून चालायचीस. आपलं घर सूर्य मावळायच्या आत जेवतं, चूल विझते, दिव्यावर किडे येतात म्हणून स्वयंपाकघरात दिवा लागत नाही. अंधारात कोणाला काही करावंच लागत नाही, मग कोणाला दिसत नाही हे कळणार कसं? आणि घुंगट तर सगळंच झाकतो. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रातांधळेपणा आहे, रक्तही कमी आहे. माशाच्या काळजाचं तेल द्या. माझा चेहरा पाहून म्हणाले, "मग दूध-तूप सुरू करा, नाहीतर हिरवा पाला तरी पोटभर द्या. पण थांबू नका."

बाळाचं नाव घेऊन सोडलेलं तूप भाभी घेईना. मी डब्यांवर जुनी मलमल बांधली. एकेक पान उजेडाकडे धरून बघितलं, तीनदा धुतलं, आणि भुवाजींसमोर नेऊन ठेवलं. "बघा, एक किडा नाही." त्या म्हणाल्या, "तुला दिसत नाही ते नसतंच, असं कॉलेजात शिकवतात का?" मी म्हटलं, "भाभीला तर काहीच दिसत नाही." त्या म्हणाल्या, "या घरात एकदा झालंय, बेटी. माझ्या डोळ्यांदेखत झालंय. पुन्हा नको." मला रागवायचं होतं, पण त्या घाबरलेल्या होत्या, आणि तुझं जे झालं त्यामुळेच घाबरलेल्या होत्या.

आज सकाळी भाभी अंगणातल्या शिडीला अडखळली. भर उजेडात, नुसती चक्कर येऊन. मी शिडी उचलून गोठ्यात टाकली आणि खुडून ठेवलेला पोकळा चुलीवर चढवला. भुवाजी दारात उभ्या होत्या. त्यांनी मला अडवलं नाही. "आज माझा उपास," एवढं म्हणून मंदिरात निघून गेल्या.

भाभी ताटासमोर बसली, पण हात पुढे करेना. "बाईसा, तुम्ही तरी खाल का?" ती मला म्हणाली. तू गेल्यापासून मीही चौमासा मोडलेला नाही. मी पहिला घास तिच्यासमोर खाल्ला. तरी ती थांबलीच. मान खाली घालून तिने विचारलं, "आणि सासूमाँ? एवढा धर्म पाळायच्या, त्याही खात होत्या?"

मी हो म्हटलं, माँ. मग ती जेवली.