बांधावरचा धूर

रविवार, १ डिसेंबर
पोचलो एकदाचे! फुरकानने टेम्पोत सामान असं रचलं होतं की गॅसची शेगडी सगळ्यांत खाली आणि गाद्या वर. इथे उतरल्यावर चहा मिळेपर्यंत दुपार टळली. मी चिडले, तो हसला, आणि आम्हा दोघांकडे बघून आमची कशिश हसली. हसताना खोकली नाही, हे मी मनात टिपून ठेवलं.

मेडशीच्या फाट्यावरून आत आलं की तलावाच्या दक्षिण काठावर हे गाव आहे. चतुराबाईंच्या घराच्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या. खिडकी उघडली की समोर तुरीची वावरं, मग बांध आणि त्यापलीकडे पाणीच पाणी. तलावावरच्या हवामान केंद्राची नोंदणीदार म्हणून मी ही जागा मागून घेतली, तेव्हा ऑफिसातले सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघत होते. त्यांच्या घरात दम्याचं लेकरू नाही. कारंज्यात आमच्या भिंतीला लागूनच जिनिंग आहे आणि कापसाचा तूस सगळीकडे उडतो. सहा वर्षांची माझी पोर रात्र रात्र बसून काढायची. डॉक्टर म्हणाले होते हवा बदला, म्हणून मी हवाच मोजायला आले.

फुरकान संध्याकाळी कारंज्याला परतला. त्याचं धान्याचं दुकान आहे, तो दर रविवारी येईल. चतुराबाईंनी भाकरी आणि ठेचा आणून दिला. पोरीला बघून म्हणाल्या, "काहून इतकी वाळून गेली व माय?" आणि तिच्या ताटात तूप वाढलं.

मंगळवार, ३ डिसेंबर
काम सोपं आहे. सकाळ-संध्याकाळ हवेचं आणि पाण्याचं तापमान, वाऱ्याचा कोंबडा कुठे तोंड करून आहे, पाणी किती उडालं, एवढं लिहायचं. कशिश सोबत येते आणि आकडे मोठ्याने वाचते. निम्मे चुकीचे वाचते, पण रुबाब साहेबाचा असतो.

आज तिला समजावून सांगितलं. तलाव उन्हाळाभर ऊन पिऊन घेतो आणि थंडीत ते हळूहळू सोडतो. उत्तरेकडचा गार वारा त्या कोमट पाण्यावरून आला की वाफ उचलतो आणि या काठावर आणून टाकतो. अमेरिकेकडे असेच मोठे तलाव आहेत, तिथे काठावरच्या गावांवर याच कारणाने ढिगांनी बर्फ पडतो. तिने विचारलं, आपल्यावर कधी पडेल? चतुराबाई खूप हसल्या. म्हणाल्या, इथं बर्फ कुठला, इथं धुवारी येते, धुक्याला इकडे धुवारीच म्हणतात. तिने तुरीचा फुलोरा गळतो.

म्हणूनच दिवस मावळला की तलावाकडच्या बांधावर सगळे शेतकरी धूर करतात. सोयाबीनचं ओलसर कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि गवऱ्या ठिकठिकाणी धुमसत राहतात. धुवारी पाण्यावर उभी राहते आणि धुराशी येऊन थांबते. मी कितीतरी वेळ बघत उभी होते. मग मागून कशिशचा खोकला ऐकू आला.

शुक्रवार, ६ डिसेंबर
वाईट दिवस. काल संध्याकाळी धूर थेट घरात आला. खिडकीच्या फटींत ओले टॉवेल कोंबले, दम्याच्या पंपाचे फवारे दिले, तरी कशिशची छाती वाजतच राहिली. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. फुरकान फोनवर म्हणाला, उद्याच परत या. परत जाऊन काय करू? तिथे तूस आणि इथे धूर. माझी पोर श्वास घ्यायला कुठे जाईल?

आज सरळ उकंडरावांच्या घरी गेले. गावात पहिला धूर तेच लावतात, बाकीचे त्यांच्या मागून. मी तावातावाने बोलत होते. ते म्हणाले, "मले काय सांगून राह्यली? तुरीले सांग." मी रडकुंडीला येऊन परतले. तासाभराने तेच दारात उभे, सोबत मुलगा जगदेव. म्हातारा कशिशच्या खाटेशी बसला, तिची छाती वाजते ती ऐकत राहिला. उठताना एवढंच बोलला, "लेकरापरीस तूर मोठी नाई. उद्यापासून धूर बंद."

आणि खरंच, कोणीच हरकत घेतली नाही. घरटी एक बाई येऊन सांगून गेली की आमचंही बंद. हातातोंडाशी आलेलं पीक ही माणसं एका परक्या पोरीसाठी सोडतात! मी चतुराबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले.

रविवार, ८ डिसेंबर
कशिश रात्रभर झोपली, पंपाशिवाय. मी मात्र सवयीने जागी होते.

पहाटे धुवारी बांध ओलांडून आली. वावरातून, गल्लीतून, थेट अंगणात. चतुराबाई म्हणाल्या, जन्म गेला पण ती बांधाच्या अलीकडे आलेली पाहिली नाही. धूर असायचा ना, मी म्हटलं, आता नाही म्हणून येते. त्यांना पटलं. फुरकान आला तेव्हा कशिश अंगणात त्या पांढऱ्यात लपाछपी खेळत होती, दिसत नव्हती, नुसती हसताना ऐकू येत होती. तिला धावताना बघून त्याचे डोळे भरले.

गुरुवार, १२ डिसेंबर
उपकरणं बिघडली असावीत. आज वारा दक्षिणेचा होता, म्हणजे गावाकडून तलावाकडे. धुवारी तरीही तलावातून गावात येत होती, वाऱ्याच्या उलट. मी कोंबडा हाताने फिरवून पाहिला, तेल घातलं. तो बरोबर होता.

पाण्याचं तापमान रोज वाढतंय. डिसेंबरात! हात बुडवून पाहिला, तापमापक खोटं बोलत नव्हतं. पाणी अंगाइतकं कोमट होतं. मी हात पटकन बाहेर काढला आणि ओढणीला पुसत राहिले. ऑफिसात फोन केला तर साहेब म्हणाले, तापमापक बदलून देऊ, घाबरू नका. मी कुठे म्हटलं होतं मी घाबरले?

कशिश मजेत आहे. पंप कपाटात ठेवून दिला.

रविवार, १५ डिसेंबर
दुकानात माल आलाय, फुरकान आला नाही.

सकाळी थंडी कडाक्याची होती. फाट्यावर एसटीची वाट बघत पोरं उभी होती, सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. पोरं मुद्दाम फुंकून वाफा काढत होती. कशिशही फुंकत होती. तिच्या तोंडातून काही निघत नव्हतं.

मी तिच्या ओठांसमोर तळवा धरला. श्वास येत होता, पण गार. तळवा ओला झाला.

मेडशीला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि म्हणाले, कुठला दमा, छाती एकदम साफ आहे, अभिनंदन. मी आनंदाने मान हलवली. पण त्यांनी नळी तिच्या छातीवरून उचलली तेव्हा नळीवर पाण्याचे थेंब होते. त्यांनी रुमालाने पुसले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बरी झाली ना? मग मला असं का होतंय?

मंगळवार, १७ डिसेंबर
उकंडराव काल पहाटे तूर बघायला धुवारीत गेले. दुपारी परतले. तेव्हापासून ओट्यावर बसून आहेत, कपडे ओलेचिंब, चेहऱ्यावर हसू, बोलत काहीच नाहीत. त्यांच्या तोंडातूनही वाफ नाही. जगदेवने कांबळं पांघरलं, ते त्यांनी काढून टाकलं.

आज चतुराबाईंचंही तसंच. त्यांच्या घराची दारं सताड उघडी. बाकी गल्लीतलीही बरीच. एवढ्या थंडीत कोणी दार लावत नाही. तुरीचा फुलोरा काळा पडून खाली सडा झालाय, आणि कोणी त्याच्याबद्दल एक शब्द काढत नाही. ज्या गावात पिकाशिवाय बोलणं नव्हतं, तिथे हे.

फक्त जगदेव कुटार गोळा करतोय. मला म्हणाला, "धूर बंद केला तवापासून हे होऊन राह्यलं, म्याडम." हे तो माझ्याकडे न बघता म्हणाला. मला ते जास्त लागलं.

गुरुवार, १९ डिसेंबर
जगदेवने आज दुपारी ओट्यासमोर धूर केला. धुवारी मागे सरली, मी पाहिलं, खिडकीतून. उकंडराव खोकू लागले. खोकत खोकत पाणी ओकले, केवढं पाणी! मग त्यांच्या तोंडातून वाफ आली आणि ते म्हणाले, "चा ठेव व माय." जगदेव बापाच्या गळ्यात पडून हमसून रडला. मीही रडले. सुटलो, असं वाटलं.

मग धूर आमच्या अंगणात आला.

कशिश गुरासारखी ओरडली. तिच्याही तोंडातून पाणी आलं, पण मागून श्वास आलाच नाही. छाती आवळून बसली. पंप दिला, पुन्हा दिला, काही उपयोग नाही. तिचे ओठ जांभळे, मग निळे. म्हाताऱ्याची छाती दणकट होती, त्याला धूर सोसला. माझ्या लेकराची छाती तशी नाही.

मी बादली घेऊन धावले आणि जगदेवच्या आगीवर ओतली. आणखी एक. तो माझे हात धरत होता, मी त्याला ढकललं.

धुवारी परत आली. कशिशच्या ओठांवर रंग आला. तिने भूक लागली म्हटलं.

उकंडरावांच्या हातात चहाचा कप होता. तो तसाच राहिला. ते हसत बसलेत.

शुक्रवार, २० डिसेंबर
जगदेव आला होता. हात जोडून म्हणाला, लेकराला कारंज्याला घेऊन जा, मग मी सगळ्या बांधावर धूर करतो, गाव वाचंल. त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

गेले. सकाळच्या एसटीने. फाटा ओलांडला, बाहेर लख्ख ऊन होतं, कोरडी हवा. आणि कशिश माझ्या मांडीवर तडफडू लागली. धूर नव्हता, तूस नव्हता, नुसती हवा. नुसती साधी हवा तिला सोसत नाही आता. कंडक्टरला गाडी थांबवायला लावली, तिला उचलून उलट धावत सुटले. धुवारी फाट्याशीच उभी होती. आत शिरलो आणि ती नीट श्वास घेऊ लागली.

फुरकानला फोनवर सांगितलं, येऊ नकोस. तो म्हणाला, तुझं डोकं ठिकाणावर नाही, रविवारी गाडी आणतो, दोघींना अकोल्याला मोठ्या डॉक्टरकडे नेतो. मी म्हटलं ती मरेल. तो म्हणाला, यूसरा, ती बरी झालीय, तूच सांगितलंस —

शनिवार, २१ डिसेंबर
जगदेवने रात्रीतून बांधावर कुटाराचे ढीग रचले. पहाटे मी सगळे भिजवले. एकेक. काड्यांची पेटीही.

त्याने पाहिलं. नुसता बसला, गुडघ्यांत डोकं घालून. धुवारी त्याच्यापर्यंत गेली तेव्हा उठलाही नाही.

आता गावात खोकणारी, तोंडातून वाफ निघणारी मी एकटी.

या अल्लाह, मी हे —

रविवार, २२ डिसेंबर
दुपार असावी. उजेड पांढरा. खिडकीतून अंगणही दिसत नाही.

फुरकान आलाय. गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडली असावी. चालत येतोय. हाका मारतोय. म्हणतो काही दिसत नाही, यूसरा, आवाज दे, आवाजाच्या रोखाने येतो —

कशिश कुशीत झोपलीय. कारंज्यात रात्रीचे नऊ वाजले की धाप लागून उठून बसायची ती. आता बघ, कशी झोपते.

आवाज दिला तर तो येईल. येईल आणि तिला उचलेल. ऐकणार नाही. फाट्याच्या पलीकडे नेईल.

घराजवळून गेला. अगदी भिंतीजवळून. खोकत होता. कोणत्या बाजूला चाललाय त्याला कळत नाहीये.

बांधाकडे —

अजून हाका मारतोय. माझ्याच नावाने. आता कशिशच्या.

पाण्यात पाय पडल्याचा आवाज. तो म्हणतो, अरे, पाणी गरम कसं —

एक हाक. एक हाक मारली तर अजून मागे फिरेल. तोंड उघडलंय मी. फुरकान. फुरकान. लिहितेय नुसतं. केवढा शांत श्वास चाललाय माझ्या पोरीचा, जरासुद्धा घरघर नाही, हाक मारली तर ती जागी —