एका साखळीची तीन कुलपे

मी, श्रीमती श्यामला यशवंत पायगुडे, वय ७८, धंदा पूर्वी शिवणवर्ग आणि आता देखरेख, राहणार सदाशिव पेठ, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. समोरच्या दवाखान्यातील डॉ. प्रियदर्शनी यांचा तसा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्यामागे कोणीतरी ‘म्हातारीला भ्रम झाला होता’ असे म्हणणार, आणि तो कोण असेल हेही मला ठाऊक आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. काहींनी आणून पाहिले, जमले नाही.

१. मी राहते ती दुमजली इमारत मी शिवणवर्गाच्या कमाईतून माझ्या नावावर घेतली. ती वडिलोपार्जित नाही. हे वाक्य पुतण्या इंद्रजीत याने दोनदा वाचावे. वरच्या मजल्यावर मी राहते. वर्ग बंद केल्यापासून खालचा हॉल तीन संस्था वाटून वापरतात. सकाळी ज्येष्ठ नागरिकांचे ‘सायंतारा मंडळ’, दुपारी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणारे ‘दृष्टिमित्र’ आणि संध्याकाळी धाराशिवकडच्या मुलांची ‘बालाघाट अभ्यासिका’. भाडे मी घेत नाही. त्यामुळे हॉल आपलाच आहे असे तिघांनाही मनापासून वाटते. माझ्यानंतर यातला जो जोरकस तो उरलेल्यांना बाहेर काढणार, ही माझी खात्री आहे, आणि ते होऊ नये एवढ्यासाठी हा कागद.

२. खडकवासल्याच्या वरच्या अंगाला, आमच्या गावी, यजमानांच्या वाट्याची जमीन आहे, ती इंद्रजीतला द्यावी. तो ती कसतोच आहे. न दिली तरी सोडणार नाही. इमारतीतली वीटसुद्धा त्याला देऊ नये. बिल्डरला घेऊन आला होता. “काकू, तुम्ही फक्त सही करा, पुढचं मी बघतो,” म्हणाला. त्याच्या वडिलांनीही असेच पुढचे बघितले होते. माझी मोठी कात्री त्याच्या आईला, म्हणजे जाऊबाई सोजरबाईंना, देऊ नये. मागतील. एकदा नेली होती तर त्यांनी तिच्याने काथ्या कापला.

३. शिलाई यंत्र हॉलमध्येच राहील. ज्याला चालवता येते त्याने चालवावे. त्यावर फायली, चपला आणि चहाचे कप ठेवू नयेत.

४. आता कुलपांविषयी. आमच्या गावी सामाईक विहिरीच्या मोटारघराला जी पद्धत होती तीच मी हॉलला लावली. दाराला एक साखळी. तिच्या दोन टोकांमध्ये तीन कुलपे एकमेकांत अडकवलेली. प्रत्येक संस्थेचे एक कुलूप, त्याची किल्ली त्यांच्याकडे. कोणतेही एक उघडले की साखळी सुटते. जाताना मात्र आपले कुलूप पुन्हा दुसऱ्याच्या कुलपात घालून लावावे लागते. कोणी एकाला वगळून लावले, तर त्या बिचाऱ्याचे कुलूप नुसते लोंबत राहते. उघडून हातात येते, दार बंद ते बंदच. गावात भांडण झाले की असेच करत. पुण्यात शिकलेली माणसे आहेत, येथे तसे होणार नाही, असे मला वाटले होते.

गेल्या उन्हाळ्यात ‘दृष्टिमित्र’च्या भाग्यश्री यांचे कुलूप असे वरचेवर लोंबू लागले. त्या स्वतः अंध आहेत. वाचायला आलेल्या बायकांसह भर उन्हात पायरीवर बसून राहत, पण माझी झोपमोड नको म्हणून वर येत नसत. तिन्ही संस्थांच्या बैठकीत ‘सायंतारा’चे अध्यक्ष सुदर्शनराव मेहेंदळे फार गोड आवाजात म्हणाले, “अहो, त्यांना दिसत नाही, चुकणारच. त्रास कशाला? दुपारची वेळही आम्हीच सांभाळतो.” भाग्यश्री म्हणाल्या की त्या प्रत्येक कडी चाचपून लावतात. त्यावर सगळ्यांनी मान हलवली, म्हणजे विश्वास ठेवला नाही.

मी जिन्याच्या खिडकीत खुर्ची टाकली. तेथून दार दिसते. दुपारी अभ्यासिकेचे उत्तरेश्वर डोके साखळीशी खुडबुड करताना सापडले. मी वरूनच त्यांची खरडपट्टी काढली. चोर तो चोर आणि वर माझ्याच हॉलमध्ये मुलांना अधिकारी करायला निघालेला! त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाले, “मावशी, कुलूप कुणीतरी बाहेर ठेवतंय. बैठक झाल्यापासून मी खानावळीला जाताना रोज आत घालून जातो. ताईंना दिसत न्हाय म्हणून चुकलं, असं कुणी म्हणाय नको.”

इतके चांगले बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून बसले. मंडळ उठले, सगळे गेले, सुदर्शनराव मागे राहिले. चष्मा पुसला, रस्ता पाहिला आणि भाग्यश्रींचे कुलूप सोडून बाकी दोन नीट जोडली. मी खाली जाऊन विचारले तर म्हणे, “घाईत झालं.” चष्मा पुसायला बरा वेळ होता. आंधळ्या बाईला उन्हात बसवून वर तिलाच खोटे पाडायचे, याचा मला अजून संताप आहे.

५. सबब, संपूर्ण इमारत तिन्ही संस्थांची सामाईक राहील. वेळा आहेत त्याच राहतील. विकणे, गहाण टाकणे, पाडणे नाही. जी संस्था दुसरीला बाहेर ठेवील तिचा हक्क त्या दिवशी संपेल. ‘सायंतारा’ला मी काढत नाही, त्या म्हाताऱ्यांना घरी सुनांपुढे बसवत नाही आणि बागेत डास आहेत. सुदर्शनरावांनी यावे, बसावे, गाणी म्हणावीत. किल्ली मात्र त्यांच्या हातात कधीही देऊ नये.

६. माझी शिल्लक गच्चीच्या दुरुस्तीला आणि दिव्याच्या बिलाला वापरावी. हे मृत्युपत्र भाग्यश्री आणि उत्तरेश्वर यांनी मिळून अमलात आणावे. दोघांची फारशी ओळख नाही, म्हणून दोघे एकमेकांवर लक्ष ठेवतील.

७. हॉलला माझे नाव देऊ नये. फोटो लावू नये. कोणत्याही देवाची मूर्ती बसवू नये. आज कोनाड्यात बसते, वर्षाने हॉल तिचा होतो.

८. शेवटचे कलम साक्षीदारांसाठी. मी जिवंत असेपर्यंत हे मृत्युपत्र झाल्याचे कोणालाही सांगू नये. ‘इमारतीचे माझे अजून काही ठरलेले नाही’ असे मी बैठकीत म्हणाले, त्याआधी माझा जिना वीजमीटर वाचणाऱ्याशिवाय कोणी चढत नसे. आता कोणी ना कोणी रोज येते. गुडघा कसा आहे विचारते, थोडा वेळ बसते. इंद्रजीतसुद्धा येतो. हे सगळे कशासाठी येतात ते मला पक्के ठाऊक आहे, मी काही खुळी नाही. तरी बेल वाजली की मी आधी केस सारखे करते आणि मग दार उघडते. ठरले आहे असे कळले तर ती बेल वाजणार नाही. म्हणून गप्प राहावे, ही माझी विनंती समजावी.

येणेप्रमाणे लिहिले, वाचले आणि साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण : सदाशिव पेठ, पुणे
दिनांक : ९ जानेवारी २०२५

(सही) श्यामला यशवंत पायगुडे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. प्रियदर्शनी सबनीस, सदाशिव पेठ. माझ्यासमक्ष सही केली. शुद्धीत आहेत.
२. (सही) संभाजी निवंगुणे, झेरॉक्सचे दुकान, बिबवेवाडी. कोणाला सांगणार नाही.